व्यवसायजोड माध्यमिक शिक्षण (वडोदरा)

हायस्कूलमधले गणित, विज्ञान, भाषा हे विषय आणि एखाद्या धंद्याचे हातकाम एकमेकांत गुंफून शिकवण्याची पद्धत. वेळापत्रकात ‘व्यवसाय’ नावाचे दोन तास घातले म्हणजे ती झाली, असे नव्हे. ३, ४ आणि ५ फुटांच्या खुणा जुळल्या की कोपरा गुण्यात (काटकोन तपासायच्या सुतारी हत्यारात) बसला, हे सुताराला ठाऊक असते; ते का, हे त्याच फळीवर दाखवता आले तर विषय जुळले म्हणायचे.

अमेरिकेत १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने धंदेशिक्षणाला केंद्राचा पैसा मिळाला, पण त्याची चूलही वेगळी मांडली गेली. ती पुन्हा एक करण्याची खटपट पुढे झाली: १९६९ मध्ये फिलाडेल्फियात पहिली करिअर अकॅडमी (एका धंद्याभोवती विषय गुंफणारी हायस्कुलातली छोटी शाळा) निघाली आणि १९९० च्या पर्किन्स कायद्याने दोन्ही शिक्षणांची सांगड ही अनुदानाची अटच केली. भारतात गांधीजींची हातकामातून शिकवण्याची वर्धा योजना (१९३७) आणि शिक्षणासाठी नेमलेला कोठारी आयोग (१९६४-६६) याच दिशेचे. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने उच्च माध्यमिकचे २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यवसाय शाखेकडे वळवायचे ठरवले. ते साधले नाही. २०२० च्या धोरणाने तर सहावीपासूनच हातकामाची ओळख सुचवली आहे.

बडोद्याला हे सारे तसे जुनेच. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये कलाभवन ही धंदेशिक्षणाची संस्था काढली आणि ती रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिली. कलाभवन हायस्कूल नव्हते, पण विचार हाच होता. गज्जर सुतार घराण्यातले. धंद्याचे शास्त्र देशी भाषेतच शिकवावे, हा त्यांचा आग्रह. चित्रकला, यंत्रकाम, विणकाम यांच्या जोडीला तिथे रंगकाम होते, आणि या पद्धतीचे मर्म कळायला रंगाऱ्याचे भांडे पुरेसे आहे. तुरटीत भिजवलेले सुती कापड अलिझरीन या रंगात उकळले तर लाल निघते, लोहक्षारात भिजवलेले जांभळट-काळे. रंग एकच, मग फरक कशाने? हा प्रश्न पोराने विचारला की रसायनाचा तास आपोआप सुरू होतो. दादासाहेब फाळके कलाभवनातच शिकले. गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटीभास्कर व अमीन यांच्या उद्योगातून १९०७ मध्ये अलेम्बिक ही रसायने-औषधांची कंपनी उभी राहिली.

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांना कलाभवनाचा अभिमान असतो. तरी ‘दहावीला मार्क कमी पडले, आता आयटीआय बघू’ हे वाक्य तिथेही ऐकू येते. कलाभवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. तिथे अभियांत्रिकीच्या पदवीला पहिल्या वर्षी प्रवेश हवा, तर मुलाला बारावी सायन्स आणि प्रवेशपरीक्षा या दोन्हींत चांगले मार्क पडावे लागतात. हातात गुण्या कधी धरला होता का, हे कोणी विचारत नाही.