केबिन बॅग आणि लॅपटॉपची सॅक : पार्श्वभूमी

सतत विमानाने फिरणाऱ्यांच्या हातात आज एक ठरलेली जोडी दिसते. एक उभी ट्रॉली आणि तिच्या दांड्यावर अडकवलेली लॅपटॉपची सॅक. दुकानात ती निवडताना आपण रंग, चेन आणि किती टक्के सूट आहे ते बघतो. पण तिचा आकार, चाकं, मागची पट्टी, लॅपटॉपचा वेगळा कप्पा या गोष्टी विमान कंपन्यांच्या दरपत्रकांनी, सुरक्षा तपासणीच्या रांगांनी आणि अलीकडे बॅटरीच्या धास्तीने ठरवल्या आहेत. कुठली सोय कुठल्या कटकटीतून आली हे कळलं, की कशाला पैसे द्यायचे आणि कशाला नाही हेही कळतं.

सुरुवातीच्या जेट विमानांत डोक्यावर उघडी फळी असे, टोप्या आणि कोट ठेवण्यापुरती. जड बॅग तिथे ठेवणं धोक्याचंच होतं. १९७० मध्ये बोइंग ७४७ सेवेत आलं ते झाकणाचे बंद कप्पे घेऊन. त्याच वर्षी अमेरिकेत बर्नार्ड सॅडो हे बॅगा बनवणाऱ्या कंपनीतले अधिकारी कुटुंबासह अरूबाहून परतत होते. दोन्ही हातांत जड सुटकेसी, आणि कस्टम्सच्या रांगेत समोरून एक कामगार चाकांच्या फळीवरून अवजड यंत्र आरामात ढकलत निघालेला. घरी जाऊन त्यांनी सुटकेसला चार चाकं आणि ओढायला पट्टा लावला. दुकानदारांनी आधी नकार दिला. पुरुष मंडळी बॅग ओढत नेणं कमीपणाचं मानतील, असा त्यांचा हिशेब होता, असं सॅडोंनीच पुढे सांगितलं. शेवटी मेसीज या दुकानाने ती घेतली आणि १९७२ मध्ये पेटंट मिळालं. मात्र ही सुटकेस आडवी ओढली जायची, वळणावर कलंडायची.

खरा पालट केला तो एका वैमानिकाने. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे रॉबर्ट प्लाथ यांनी १९८७ मध्ये बॅग उभी केली, तळाला दोन चाकं बसवली आणि आत-बाहेर सरकणारा दांडा दिला. पहिली गिऱ्हाइकं म्हणजे त्यांचेच सहकारी, विमानातले कर्मचारी. विमानतळावर गणवेशातली माणसं झपाझप बॅग ओढत जाताना प्रवाशांनी पाहिली. यापेक्षा चांगली जाहिरात कुठली असणार? प्लाथ यांनी पुढे नोकरी सोडून ट्रॅव्हलप्रो ही कंपनी वाढवली. रोज वापरणाऱ्याने स्वतःसाठी केलेली ही रचना आजही दुरुस्तीला सोपी आणि टिकाऊ वाटते. गुळगुळीत फरशीवर चार चाकांची बॅग मजेत फिरते, पण बाहेर आलेली चाकं मापात धरली जातात आणि तेवढी आतली जागा जाते. खड्ड्यांच्या रस्त्यावरून स्टँडपर्यंत जायचं असेल, तर मी तरी दोन चाकंच घेईन.

पुढचा टप्पा पैशाचा. २००८ मध्ये इंधन महागलं तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच चेक-इन बॅगेसाठी १५ डॉलर घ्यायला सुरुवात केली. इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या, आणि सगळं सामान केबिनमध्ये कोंबायची सवय लागली. कप्पे भरू लागले, मापाच्या चौकटी दारात आल्या. २०१५ मध्ये आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने ५५ × ३५ × २० सेंटिमीटर असं जगभर एकच माप सुचवलं. बहुतेकांची चालू बॅग त्यात बाद ठरली असती. ओरड झाली आणि काही दिवसांतच ते बारगळलं. म्हणून ‘जगभर चालणारी केबिन बॅग’ ही चिठ्ठी फार मनावर घेऊ नये.

आपल्याकडे देशांतर्गत इकॉनॉमीत मापापेक्षा वजन जास्त नडतं. मर्यादा साधारण ७ किलो. त्यात रिकामी बॅगच ३ किलोंची असेल तर कपड्यांना उरले चार. त्यामुळे दुकानात आधी तिचं वजन विचारावं. कडक कवचाच्या बॅगेचं आपल्याला अप्रूप नाही. व्हीआयपी आणि सॅमसोनाइट या दोघांचेही कारखाने नाशिक परिसरात आहेत.

लॅपटॉपच्या बॅगेची गोष्ट निराळी. १९८१ चा ऑस्बोर्न १ हा ‘सोबत नेण्याचा’ संगणक सुमारे ११ किलोंचा होता. तो विमानातल्या सीटखाली मावतो, अशी त्याची जाहिरात असे. यंत्र हलकं झालं तसं त्याला खांद्यावरची बॅग मिळाली, मग पाठीवरची सॅक. सुरक्षा तपासणीत लॅपटॉप बाहेर काढायचा ताप म्हणून २००८ मध्ये अमेरिकेत पूर्ण उलगडणाऱ्या बॅगांत तो आतच ठेवायची मुभा मिळाली. सपाट उघडणारा कप्पा तिथून रुळला. मार्च २०१७ मध्ये तर अमेरिकेने दुबई, अबुधाबी, दोहा अशा दहा विमानतळांवरून येणाऱ्यांना केबिनमध्ये लॅपटॉप आणायलाच मनाई केली. आखातमार्गे अमेरिकेला जाणाऱ्या आपल्याकडच्या आयटीवाल्यांनाही त्याची झळ बसली. काही महिन्यांत ती बंदी उठली.

गंमत म्हणजे बॅटरीचा नियम नेमका उलटा. लिथियम बॅटरी पेटली तर केबिनमध्ये विझवता येते, विमानाच्या पोटातल्या सामानात कठीण. म्हणून पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाही. याच कारणाने २०१८ मध्ये अमेरिकी कंपन्यांनी बॅटरी न निघणाऱ्या ‘स्मार्ट’ बॅगा नाकारल्या, आणि अशा बॅगा बनवणारी ब्लूस्मार्ट ही कंपनी त्याच वर्षी बंद पडली. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानजवळच्या गिमहे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधी जळालं. संशय पॉवर बँकेवर होता. त्यानंतर तिथे पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी आली आणि एमिरेट्सने विमानात ती वापरायलाच मनाई केली. त्यामुळे सॅक घेताना बसल्या जागी हात पोहोचेल असा बाहेरचा छोटा कप्पा आहे ना, हे आता जरूर बघावं. दांड्यावर अडकवायची मागची पट्टीही हवी, कारण सॅक घट्ट बसली नाही तर ट्रॉली वळताना ती गर्रकन खाली येते.