आफ्टरमॅथचा गणिताशी काहीही संबंध नाहीये

भूकंप, पूर, युद्ध काहीही झालं की न्यूजमध्ये आफ्टरमॅथ, म्हणजे घटनेनंतरचे परिणाम, हा शब्द येतोच, आणि त्याचा अर्थ सांगताना हमखास ऐकवतात की घटना झाल्यावर नुकसानीचा हिशोब मांडायचा म्हणून त्यात मॅथ म्हणजे गणित आलं. मुलांना पण हेच शिकवतात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण खरी गोष्ट यापेक्षा कितीतरी सुंदर आहे.

यातला मॅथ म्हणजे जुन्या इंग्रजीतली गवताची कापणी. जर्मनमध्ये आजही कापणीला माह्ड म्हणतात, तोच हा शब्द. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात कुरणातलं गवत कापून वाळवायचे आणि त्यानंतर त्याच बुडख्यातून जे कोवळं गवत परत वर यायचं ते आफ्टरमॅथ. 16व्या शतकात शब्द याच अर्थाने सापडतो, मोठ्या घटनेचे परिणाम हा अर्थ 17व्या शतकात चिकटला. गणितातला मॅथ ग्रीकमधून आलाय आणि मॅथेमॅटिक्सचं मॅथ असं छोटं रूप तर 19व्या शतकातलं.

आपल्याकडे ऊसवाल्यांना हे समजवावं पण लागणार नाही, त्यांच्याकडे खोडवा आहेच की! ऊस तुटून गेला, पाचट सरीत ओढलं, बुडखे जमिनीलगत छाटले की थोड्याच दिवसात त्यातून हिरवे कोंब वर येतात. गवताच्या बाबतीत इंग्रज शेतकरी त्यालाच आफ्टरमॅथ म्हणत होता.