सांगलीत बेघर व्यक्तीला निवारा केंद्रात प्रवेश: पात्रता, कागदपत्रे आणि निधीची मागणी

मिरज जंक्शनच्या फलाटावर, एसटी स्थानकाच्या आवारात, पुलाखाली किंवा देवळाच्या ओवरीत रात्र काढणारी, राहायला घर नसलेली व्यक्ती ‘शहरी बेघर’ ठरते आणि महानगरपालिकेच्या निवारा केंद्रासाठी पात्र असते. एकट्या स्त्रिया व त्यांची लहान मुले, वृद्ध, दिव्यांग आणि आजारी व्यक्ती यांना प्राधान्य द्यावयाचे असते. निवारा केंद्र म्हणजे भिक्षेकरीगृह नव्हे. येथे कोणालाही पकडून आणले जात नाही व डांबूनही ठेवले जात नाही, ही गोष्ट संबंधित व्यक्तीला आधीच समजावून सांगावी, कारण या भीतीपोटी अनेकजण यायला तयार होत नाहीत.

कागदपत्रांबाबत सर्वाधिक गैरसमज आहे. ज्याच्याकडे घर नाही त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा कोठून असणार? बेघरांना आधार, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन मिळवून देणे हेच निवाऱ्याच्या कामाचा भाग मानलेले असल्यामुळे, आधार नाही म्हणून दारातून परत पाठवणे निवारा योजनेच्या मूळ हेतूलाच धरून नाही. नाव, वय, मूळ गाव, आजार, नातेवाइकांचा संपर्क, जेवढे सांगता येईल तेवढे नोंदवहीत लिहून घ्यावे असा आग्रह धरावा. सोबत जुनी औषधचिठ्ठी असल्यास ती मात्र जरूर द्यावी.

एखादी बेघर व्यक्ती आढळल्यास आधी तिची संमती घ्यावी आणि नंतर महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयाशी संपर्क साधावा. ती जखमी किंवा तापाने फणफणलेली असल्यास 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आधी, निवारा नंतर. सोबत कोणी नसलेले मूल असेल तर 1098 वर कळवावे, कारण त्याचा निर्णय बालकल्याण समिती घेते. मानसिक आजाराने भरकटलेल्या व्यक्तीला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेण्याची जबाबदारी मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 नुसार पोलिसांवर आहे. तेव्हा 112 वर फोन करण्यास कचरू नये.

प्रवेशानंतर खरे काम सुरू होते. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने विहित नमुन्यात दिलेला दाखला आधार नोंदणीसाठी चालतो. मतदार नोंदणीच्या नमुना 6 सोबत बेघर व्यक्तीला निवासाचा पुरावा जोडावा लागत नाही. अर्जात दिलेल्या जागी ती खरोखरच झोपते का, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री स्वतः जाऊन पाहतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावा. तेथे मात्र वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचा व रहिवासाचा दाखला लागतो.

कृष्णेला पूर आला की शाळांमध्ये तात्पुरती निवारा केंद्रे उघडतात. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट व धोका पातळी 45 फूट आहे. घाटावर झोपणाऱ्याला घर नसल्याने त्याच्या नावे पंचनामा होत नाही, म्हणून त्याला हलवताना त्याचे नाव निवारा केंद्राच्या यादीत लिहिले गेले का, हे पाहावे.

आता निधीविषयी. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार एक लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांसाठी कायमस्वरूपी निवाऱ्याची सोय हवी. 2011 च्या जनगणनेत सांगली, मिरज, कुपवाडची लोकसंख्या पाच लाखांवर होती, म्हणजे किमान 500 जणांची सोय अपेक्षित आहे. या अभियानाचा कालावधी सप्टेंबर 2024 मध्ये संपल्यामुळे महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकातील तरतुदीला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे. रस्त्यांच्या डागडुजीची तरतूदही याच अंदाजपत्रकातून होते. रस्त्यांची मागणी रास्तच आहे आणि ती प्रत्येक प्रभागातून होते, परंतु निवाऱ्याची मागणी करायला सहसा कोणी पुढे येत नाही. त्यामुळे आपल्या प्रभागातील रस्त्यासाठी अर्ज देणाऱ्यांनी त्यासोबत निवाऱ्यासाठीही अर्ज द्यावा, असे मला मनापासून वाटते.

हा अर्ज आयुक्तांच्या नावे, अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे जाण्याआधी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतच द्यावा. बेघर लोक कोठे व अंदाजे किती झोपतात, स्त्रिया व वृद्ध किती, वापरात नसलेली महानगरपालिकेची इमारत जवळ आहे का, हे त्यात स्पष्ट लिहावे. आवक विभागात अर्ज देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, दिनांक व आवक क्रमांक घ्यावा. पुढे काय झाले ते कळले नाही, तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज करावा, त्यात तोच आवक क्रमांक नमूद करावा व आपल्या आधीच्या अर्जावरील कार्यवाही, तसेच निवाऱ्यासाठी झालेली तरतूद व प्रत्यक्ष खर्च मागावा. माहिती 30 दिवसांत मिळाली नाही, तर त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते.