मोडेम चालतो, राउटर चालतो, तरी नेट का येत नाही?

मराठवाड्यातल्या माळवदाच्या जुन्या वाड्यांत पांढऱ्या मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती असतात. भर उन्हाळ्यात त्या घर गार ठेवतात, पण वाय-फायच्या लहरी त्यांच्यापलीकडे जेमतेम पोहोचतात. त्यामुळे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट घेणाऱ्या घरांत कंपनीने दिलेला डीएसएल मोडेम ओसरीत राहतो आणि आतल्या खोल्यांसाठी लातूर किंवा नांदेडच्या बाजारातून नवा राउटर येतो. दोन्ही जोडले जातात, दिवे लागतात, मोबाइलवर राउटरचे नावही दिसते. नेट मात्र येत नाही. अशा वेळी बहुतेक घरांत मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून मोडेम रीसेट केला जातो. नेमकी हीच गोष्ट सर्वांत शेवटी करायला हवी, कारण रीसेट केल्यावर कंपनीच्या माणसाने भरून दिलेले नाव, पासवर्ड आणि लाइनच्या सेटिंग पुसल्या जातात आणि एका बिघाडाचे दोन होतात.

आधी कोण काय काम करतो हे पाहू. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारे उच्च वारंवारतेचे संकेत वाचून त्यांचे संगणकाला कळणाऱ्या माहितीत रूपांतर करणे हे मोडेमचे मूळ काम आहे. घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता देणे आणि त्यांची माहिती बाहेर पाठवून आलेले उत्तर ज्याचे त्याला पोहोचवणे हे राउटरचे. अडचण अशी की आज कंपन्या देतात तो मोडेम बहुधा दोन्ही कामे एकटाच करतो. त्याच्यापुढे दुसरा राउटर लावला की एकाच कामाचे दोन दावेदार तयार होतात, आणि ज्याला आपण बिघाड म्हणतो तो पुष्कळदा या दोघांमधला न सुटलेला वाद असतो.

तरीही पहिली नजर मोडेमवरच्या डीएसएलच्या दिव्याकडे जायला हवी. आपला आवाज तारेतल्या सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यात मावतो. एडीएसएल२+ ही तारेवरून इंटरनेट देण्याची पद्धत मात्र तीच तार जवळजवळ २.२ मेगाहर्ट्‌झपर्यंत वापरते. ही सगळी रुंदी सुमारे ४.३ किलोहर्ट्‌झच्या ५१२ पट्ट्यांत विभागलेली असते. दिवा लुकलुकत असतो तेव्हा मोडेम आणि एक्स्चेंजमधले यंत्र प्रत्येक पट्ट्यातला गोंगाट मोजून कोणत्या पट्ट्यावर किती माहिती लादायची हे ठरवत असतात. दिवा स्थिर झाला की ही बोलणी पूर्ण झाली. तो स्थिर होतच नसेल, तर राउटरच्या सेटिंग चाळण्यात अर्थ नाही. दोष बहुधा तारेत, जोडात किंवा स्प्लिटरमध्ये, म्हणजे फोन आणि नेटचे संकेत वेगळे करणाऱ्या डबीत आहे. त्याची एक खूण कानालाही कळते: फोन उचलल्यावर खरखर येत असेल, तर खांबावरच्या किंवा डीपीतल्या, म्हणजे टेलिफोनच्या तारा वाटणाऱ्या पेटीतल्या, जोडात पाणी शिरलेले असण्याची शक्यता मोठी. ब्राउझरमध्ये मोडेमचा पत्ता टाकल्यावर उघडणाऱ्या त्याच्या पानावर लाइनचा नॉइज मार्जिन, म्हणजे गोंगाट आणखी किती वाढला तरी जोडणी टिकेल तो आकडा, डेसिबलमध्ये दिसतो. तो साधारण ६ च्या खाली गेला की जोडणी वारंवार तुटू लागते. लाइनमनला नुसते ‘नेट बंद आहे’ असे सांगण्यापेक्षा हा आकडा सांगितला, तर त्याचे काम खरोखर हलके होते.

दिवा स्थिर असेल तर राउटर बाजूला ठेवावा आणि लॅपटॉप केबलने थेट मोडेमला जोडावा. नेट सुरू झाले, तर तार, मोडेम, नाव आणि पासवर्ड हे सारे ठीक आहे आणि शोध फक्त राउटरपुरता उरतो. केबल राउटरच्या वेगळ्या रंगाच्या, बाहेरच्या जाळ्यासाठी असलेल्या वॅन पोर्टमध्येच आहे ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

आता पत्त्यांचा घोळ. १९९६ साली आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने घरगुती आणि खासगी जाळ्यांसाठी पत्त्यांचे काही गट राखून ठेवले, १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. ते कोणीही, कोणाला न विचारता वापरू शकतो, म्हणून अनेक मोडेम कारखान्यातूनच स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असा घेऊन येतात आणि अनेक राउटरही तोच घेऊन येतात. राउटर स्वतःला १९२.१६८.१.१ समजतो. मोडेमकडून त्याला वॅन पोर्टवर १९२.१६८.१.२ असा पत्ता मिळतो आणि बाहेर जाण्याची वाट १९२.१६८.१.१ कडे आहे असे सांगितले जाते, म्हणजे त्याच्या समजुतीप्रमाणे त्याच्या स्वतःकडेच. घराच्या आतले आणि बाहेरचे जाळे एकाच गटातले दिसत असल्यामुळे आलेले माहितीचे पाकीट कोणत्या बाजूला द्यायचे हे त्याला ठरवता येत नाही. काही नवे राउटर हा प्रकार ओळखून आपला पत्ता आपोआप बदलतात, पण सगळे नाही. उपाय सोपा आहे: राउटरच्या लॅन, म्हणजे घरातल्या जाळ्याच्या, सेटिंगमध्ये त्याचा पत्ता १९२.१६८.२.१ करावा, राउटर पुन्हा सुरू करावा आणि मोबाइलचे वाय-फाय एकदा बंद करून चालू करावे, म्हणजे त्याला नवा पत्ता मिळेल.

दुसरा मार्ग मोडेमला ब्रिज मोडमध्ये टाकण्याचा. मग मोडेम केवळ संकेतांचे रूपांतर करतो आणि कंपनीकडे नोंद करण्याचे काम राउटर पीपीपीओई पद्धतीने करतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत राउटर आधी ‘कोणी आहे का’ अशी हाक सगळ्या जाळ्यात देतो. कंपनीचा सर्व्हर तिला उत्तर देतो. त्यानंतर नाव आणि पासवर्ड तपासला जातो. राउटरच्या पानावरचा संदेश म्हणूनच नीट वाचावा. उत्तरच येत नाही असे म्हटले असेल, तर हाक सर्व्हरपर्यंत पोहोचलेली नाही: मोडेम अजून ब्रिजमध्ये गेलेला नसेल, किंवा त्यातले व्हीपीआय आणि व्हीसीआय हे लाइनवरची वाट ठरवणारे आकडे चुकले असतील. भारत संचार निगमच्या एडीएसएल जोडण्यांवर ते सामान्यतः ० आणि ३५ असतात. उलट उत्तर आले पण नोंद नाकारली गेली, तर बहुधा नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे. नावामागचे @ चिन्ह आणि त्यापुढचा भाग गाळणे ही नेहमीची चूक.

नाव-पासवर्ड बरोबर असूनही नोंद नाकारली जाते, असा एक प्रसंग आपल्याकडे वरचेवर येतो. वीज अचानक गेली की मोडेम आणि राउटर सर्व्हरचा निरोप न घेताच बंद पडतात. सर्व्हरच्या लेखी जुनी जोडणी चालूच असते, आणि एका ग्राहकाला एकच जोडणी असा नियम असल्यास नवी नोंद तो स्वीकारत नाही. अशा वेळी दोन्ही उपकरणे पाच-दहा मिनिटे बंद ठेवावीत. तेवढ्यात सर्व्हर बहुधा जुनी नोंद मिटवतो. मग आधी मोडेम लावावा, डीएसएलचा दिवा स्थिर होऊ द्यावा आणि त्यानंतर राउटर लावावा. लोडशेडिंगच्या गावात हा क्रम घरातल्या सगळ्यांना माहीत असलेला बरा.

नेट आले, व्हॉट्सअॅपचे संदेशही जातात, पण बँकेचे पान अर्धवट उघडून थांबते, अशी तक्रार असेल तर राउटरमधला एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल मर्यादा, १४९२ आहे का ते पाहावे. इथरनेटच्या, म्हणजे केबलच्या जाळ्यातल्या, एका पाकिटात जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात आणि पीपीपीओई त्यातले ८ बाइट स्वतःसाठी घेते.

माळवदाच्या घरासाठी मात्र मी तिसरीच मांडणी सुचवीन. राउटरमधले डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय, बंद करावे, त्याला १९२.१६८.१.२५० सारखा मोडेमच्या गटातला पण मोकळा पत्ता द्यावा आणि केबल वॅनऐवजी त्याच्या लॅन पोर्टमध्ये घालावी. पुष्कळ राउटरांत यासाठी ॲक्सेस पॉइंट असा तयार पर्यायही असतो. पत्ते वाटण्याचे काम एकट्या मोडेमकडे राहते आणि राउटर फक्त आतल्या खोल्यांत वाय-फाय देतो. पालकांना मुलांसाठी लावायचे निर्बंध यासारख्या राउटरच्या काही सोयी यात सोडाव्या लागतात, पण वादाचे कारणच उरत नाही.

हे सारे करूनही वॅन पोर्टचा दिवा लागत नसेल आणि आदल्या दिवशी वळवाचा पाऊस विजांसह झाला असेल, तर पोर्टच जळलेले असण्याची शक्यता आहे. वीज जवळपास पडली तरी टेलिफोनच्या लांब तारेत मोठा दाब निर्माण होतो आणि तो मोडेममधून इथरनेट केबलने पुढे राउटरपर्यंत जातो. केबल बदलून आणि मोडेमच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहावी. पुष्कळदा एकच पोर्ट गेलेले असते आणि उरलेल्या पोर्टांवर मोडेम व्यवस्थित चालतो. ढग गडगडू लागले की विजेचा अडॉप्टर काढण्याची सवय बऱ्याच घरांत आहे. त्याच्याबरोबर टेलिफोनची तारही मोडेममधून काढायला हवी.