बाह्य उष्णतारोधक गिलावा

इमारतीच्या भिंतीला बाहेरून उष्णतारोधक तक्ते चिकटवून त्यांवर जाळीयुक्त पातळ अस्तर व रंगीत अंतिम थर देण्याची पद्धत. अमेरिकेत ती ईआयएफएस आणि युरोपात ईटीआयसीएस या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तक्ते बहुधा प्रसरित पॉलिस्टायरिनचे, म्हणजे थर्माकोलचेच असतात. मात्र टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल येथे चालत नाही. आयएस ४६७१ या भारतीय मानकातील, ज्योत दूर होताच विझणारा प्रकार लागतो.

उगमाबाबत मतभेद आहेत. स्वीडनमध्ये १९४० च्या दशकात खनिज लोकरीवर सिमेंटचा गिलावा करीत, असे उल्लेख मिळतात व काही लेखक तेथूनच सुरुवात धरतात. परंतु आजच्या पद्धतीचे वेगळेपण थर्माकोलसारखा हलका घन फेस, तंतुजाळी आणि काही मिलिमीटरचे लवचीक अस्तर यांच्या मेळात आहे. जड गिलावा खिळ्यांवर किंवा आकड्यांवर तोलून धरणे ही निराळी गोष्ट होय. प्रसरित पॉलिस्टायरिन बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५० च्या आसपास सिद्ध झाले, तेव्हा त्याआधीचा काळ या पद्धतीला देता येत नाही. जर्मनीत एडविन होरबाख यांचे प्रयोग १९५० च्या दशकातले. बर्लिनमधील पहिल्या घराचे वर्ष सामान्यतः १९५७ देतात. व्यापक वापर १९६० च्या दशकाच्या मध्यानंतरचा दिसतो. त्यामुळे जर्मन उगमाचे मत अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकेत ड्रायव्हिट कंपनीने ही पद्धत १९६९ मध्ये नेली आणि १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिला मागणी आली.

युरोपात हे तक्ते विटांच्या वा काँक्रीटच्या भिंतीवर बसत. अमेरिकेत ते लाकडी सांगाड्यावरच्या पातळ फळ्यांवर बसू लागले. नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन परिसरात १९९५ च्या सुमारास अशा घरांच्या भिंती आतून कुजलेल्या आढळल्या. पाणी गिलाव्यातून झिरपले नव्हते. ते खिडक्यांच्या व छपरांच्या सांध्यांतून शिरले आणि बाहेर पडायला वाट नव्हती. यानंतर तक्त्यामागे जलरोधक थर व निचऱ्याची फट ठेवणारा प्रकार पुढे आला.

कोल्हापुरात बाहेरच्या भिंतीला दोन हातांचा सँडफेस (वाळूसारख्या खरबरीत पोताचा) सिमेंट गिलावा हीच रूढ रीत. नव्या राजवाड्यासारख्या (१८७७–८४) जाड काळ्या दगडाच्या इमारतींना वेगळ्या उष्णतारोधाची गरज भासत नाही. नऊ इंची विटांच्या भिंतीला भासते. अशा भिंतीवर ५० मिमी. तक्ता चढवल्यास ढोबळ हिशोबाने आत येणारी उष्णता सुमारे एक-चतुर्थांशावर येते. निवासी इमारतींसाठीच्या इको-निवास संहितेत (२०१८) थंड विभाग वगळता इमारतीच्या आवरणातून (छत सोडून) येणाऱ्या उष्णतेची मर्यादा चौरस मीटरला १५ वॅट आहे, ती गाठण्याचा हा एक मार्ग. अडचण अशी की, दुपारनंतरचे ऊन खाणारी पश्चिमेची भिंतच पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या झडीच्या तोंडी असते. पश्चिमेला गगनबावड्याकडे जावे तसा पाऊस वाढत जातो. म्हणून या भागात कामाचा कस उष्णतारोधापेक्षा पाण्याच्या बंदोबस्तात लागतो.

भिंत ओळंब्यात, कोरडी व पोपडे काढलेली हवी. चिकटमिश्रण तक्त्याच्या कडेने सलग पट्टा आणि मध्ये गोळे अशा रीतीने लावतात. नुसते गोळे लावून तक्ता दाबण्याची सवय घातक, कारण मागे हवा खेळते आणि वाऱ्याने तक्ता सुटतो. निचऱ्याच्या प्रकारात मिश्रण दाताच्या करणीने उभ्या पट्ट्यांत ओढतात. तक्ते विटांप्रमाणे सांधमोड करून बसवतात व कोपऱ्यात आळीपाळीने गुंतवतात. फट राहिल्यास त्यात थर्माकोलचीच चीप सारतात, मिश्रण भरत नाहीत. भरल्यास तिथे पुढे रेघ उमटते. खिडकीच्या कोपऱ्याशी तक्त्याचा सांधा येऊ द्यायचा नसतो. तेथे एकच तक्ता एल आकारात कापून बसवतात आणि जाळीचा तुकडा तिरपा लावतात, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात कोपऱ्यातून तिरपी चीर जाते. उन्हाने पिवळसर झालेला पृष्ठभाग रंध्याने घासल्यावरच अस्तर धरतो. जाळी अल्कलीरोधक काचतंतूंची; ती ओल्या अस्तरात दाबतात. कोरड्या तक्त्यावर जाळी ताणून वरून माल फासणे चूक. फार गडद रंग टाळतात, कारण तापलेल्या पृष्ठभागाखाली थर्माकोल मऊ पडतो.

तपासणी कामादरम्यान आणि वापरात अशी दोन्ही वेळा होते. चिकटलेला तक्ता ओढून पाहिल्यास थर्माकोल फाटला पाहिजे. तो अखंड सुटून आला तर चिकटमिश्रणात किंवा भिंतीत दोष. अस्तर वाळल्यावर जाळीची वीण दिसता कामा नये. खिडकीभोवती साधारण १२ मिमी. सांधा ठेवून त्यात फेसाची दोरी व सीलंट भरतात. सीलंट अंतिम थराला नव्हे, अस्तराला चिकटवावे लागते. गिलाव्याचा खालचा काठ जमिनीपासून निदान २०० मिमी. वर थांबवतात, अन्यथा ओल चढते आणि वाळवीला आडोसा मिळतो. जुन्या कामात बोटाने ठोकून पोकळ आवाज ऐकतात, तर खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत दोन सुयांचा ओलमापक खुपसून नंतर भोके बुजवतात. विटांच्या भिंतीत कुजण्याचे भय नसले तरी काँक्रीटमधील सळई गंजण्याचे असते. त्यामुळे ओलमापकाचे आकडे पावसाळा सरताच, भिंती वाळण्याआधी घेणे बरे.

कोल्हापूरच्या पेठांमधील लाकडी सांगाड्याच्या व मातीच्या भिंतींच्या जुन्या घरांवर हा गिलावा चढवू नये, कारण आतली ओल कोंडते. पंचगंगेच्या पुराच्या टापूत (२०१९, २०२१) तो पुराच्या खुणेच्या वरून सुरू करतात, खाली साधा सिमेंट गिलावा ठेवतात.