लढाऊ विमानाला आकाशात चौकट का लागते?

नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर सगळ्यात आधी टेकलं ते वायुदलाचं विमान. 11 ऑक्टोबर 2024 रोजी सी-295 हे मालवाहू विमान तिथे उतरलं आणि सुखोई-30 धावपट्टीवरून अगदी खालून गेलं. प्रवासी उड्डाणं सुरू व्हायला 25 डिसेंबर 2025 उजाडला. आता उलवे-पनवेलच्या डोक्यावरून रोज विमानं जातात, आणि एखादं घिरट्या घालताना दिसलं की सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेलं वाक्य येतं: ‘देशाचं 40 टक्के आकाश लष्कराने अडवून ठेवलंय, मग दुसरं काय होणार!’

हा आकडा आला मे 2020 मधल्या घोषणेतून. भारतीय हवाई हद्दीचा फक्त 60 टक्के भाग नागरी विमानांना मोकळेपणाने वापरता येतो आणि निर्बंध सैल केले तर वर्षाला सुमारे 1,000 कोटी रुपयांचा फायदा होईल, असं अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तेव्हा सांगितलं होतं. आकडा खरा आहे. पण उरलेल्या 40 टक्क्यांना बारा महिने चोवीस तास कुलूप आहे, हा अर्थ लोकांनी आपल्या मनाने काढला. कायमच्या बंद जागा असतात, जशी आपल्या खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रावरची. पण त्या आकाराने लहान. बाकीची बरीच क्षेत्रं ठरावीक वेळी आणि ठरावीक उंचीपर्यंतच बंद असतात. घोडबंदर रोडवर गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, म्हणून तो रस्ता ट्रकसाठी नाहीच असं कोणी म्हणत नाही.

घिरट्यांचं कारणही बहुतेक वेळा साधं असतं: धावपट्टी एक आणि उतरणारी विमानं अनेक. विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेघांना ‘लष्कराची रसायन फवारणी’ ठरवणारे मेसेज तर कृपा करून पुढे पाठवू नका. इंजिनातून निघालेली पाण्याची वाफ वरच्या थंड हवेत गोठते, तिचे बर्फकण आपल्याला दिसतात.

आता मुद्द्याचा प्रश्न. रडार आहे, नियंत्रक आहेत, रेडिओ आहे. मग लढाऊ विमानांच्या सरावासाठी आकाशाचा अख्खा तुकडा का राखून ठेवायचा? इतर विमानांसारखं त्यांनाही अंतर राखून का उडवत नाहीत?

या प्रश्नाचं उत्तर वर्तुळाकार गतीच्या गणितात आहे, आणि मला ते फार आवडतं. वळणारं विमान कलतं. जितकं जास्त कलेल आणि पंख जितका जास्त भार पेलतील, तितकं वळण लहान. प्रवासी विमान वळताना साधारण 25 अंश कलतं. वेग सेकंदाला 230 मीटर धरला, तर वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वीय त्वरण आणि कोनाचा टॅन यांचा गुणाकार, या सूत्राने वळणाची त्रिज्या निघते साडेअकरा किलोमीटर. पूर्ण मागे फिरायला त्याला अडीच मिनिटांहून जास्त वेळ लागतो. लढाऊ विमान सेकंदाला 250 मीटर वेगाने, गुरुत्वाकर्षणाच्या सहापट भार झेलत वळलं, तर त्रिज्या येते सुमारे 1.1 किलोमीटर आणि तोंड फिरवायला लागतात 13-14 सेकंद.

हे नियंत्रकाच्या पडद्याशी ताडून पाहा. लांब पल्ल्याच्या रडारची एक फेरी साधारण 10 ते 12 सेकंदांची असते. प्रवासी विमान तेवढ्या वेळात जवळजवळ सरळच गेलेलं असतं, त्यामुळे पुढचा ठिपका कुठे उमटेल ते आधीच सांगता येतं. लढाऊ विमान मात्र एका फेरीत पूर्वेकडे आणि पुढच्या फेरीत जवळपास पश्चिमेकडे निघालेलं असू शकतं. उंचीचंही तेच. प्रवासी विमानांमध्ये वर-खाली 1,000 फूट अंतर राखलं जातं. ताकदीने वर चढणारं लढाऊ विमान तेवढी उंची एक-दोन सेकंदांत ओलांडतं. ‘अंतर राखा’ या नियमाचा सगळा भार समोरचा कुठे जाईल या अंदाजावर असतो, आणि अंदाज चुकवणं हाच तर हवाई लढतीच्या सरावाचा गाभा. म्हणून नियंत्रक एकेका विमानाला वेगळं ठेवण्याऐवजी सगळ्या अनिश्चिततेभोवती चौकट आखतात: लांबी, रुंदी, खालची उंची, वरची उंची आणि वेळ. आतलं विमान आत काहीही करो, बाहेरच्यांनी चौकटीपासून दूर राहायचं. तेच लढाऊ विमान तळावरून चौकटीपर्यंत सरळ जात असेल, तर त्याला इतर विमानांसारखंच हाताळता येतं.

या चौकटीतली वेळ ही बाजू सगळ्यात कमी समजली जाते. युरोपात 1996 पासून आणि नंतर आपल्याकडेही ‘फ्लेक्झिबल यूज ऑफ एअरस्पेस’ ही पद्धत आली. आकाश नागरी किंवा लष्करी असं कायमचं वाटून न देता रोजच्या गरजेनुसार द्यायचं. धोरण वरच्या पातळीवर ठरतं, आदल्या दिवशी नागरी आणि लष्करी अधिकारी मिळून वाटप करतात, आणि प्रत्यक्ष दिवशी सराव लवकर संपला किंवा पावसामुळे रद्द झाला तर तुकडा परत केला जातो. वापरात असेल तर क्षेत्र ‘हॉट’, नसेल तर ‘कोल्ड’.

परत करण्याची बातमी कधी पोहोचते, त्यावर सगळा हिशेब फिरतो. समजा 800 किलोमीटरच्या सरळ मार्गाच्या मधोमध एका क्षेत्राचं टोक आडवं आलंय आणि ते टाळायला 50 किलोमीटर बाजूला सरकावं लागतंय. निघण्याआधीच माहीत असेल, तर विमान सुरुवातीपासून जरासं तिरकं जातं. पायथागोरस लावा: अंतर वाढतं फक्त 6 किलोमीटरने. पण तेच टोक 50 किलोमीटरवर आल्यावर कळलं आणि तेवढ्याच अंतरात पुन्हा मार्गाला लागायचं असलं, तर 100 किलोमीटरचे 141 होतात. एअरबस ए-320 सारखं विमान किलोमीटरला साधारण 3 किलो इंधन जाळतं. म्हणजे अडथळा तोच, खर्च एकदा 18 किलो आणि एकदा सव्वाशेच्या आसपास. उलट, क्षेत्र मोकळं झाल्याचं उशिरा कळलं, तर लांबच्या मार्गाचं इंधन आधीच भरलेलं असतं आणि त्याचं वजन वाहायलाही इंधन जळतं.

आपल्या भागात हे आणखी अवघड आहे. मुंबई आणि नवी मुंबईचे विमानतळ सरळ रेषेत जेमतेम 25 किलोमीटरवर, आणि सुखोईंचा तळ असलेलं लोहगाव नवी मुंबईपासून सुमारे 100 किलोमीटरवर. जेट विमानाच्या वेगाने ते सात-आठ मिनिटांचं अंतर. तिरकं जायला लांबी हवी, ती इथे नाही. म्हणून बातमी आणखी लवकर हवी. त्यात लोहगावचे हवाई नियंत्रक वायुदलाचे आहेत, गोव्याच्या दाबोळीचे नौदलाचे. तिथल्या प्रत्येक प्रवासी विमानाला उतरवणारा आवाज लष्करी असतो. ‘लष्कराने अडवलं’ म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

काही वेळा आधी सांगणं शक्यच नसतं. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या काळात उत्तर आणि पश्चिम भारतातले 32 विमानतळ नागरी उड्डाणांना बंद झाले आणि 12 मे रोजी पुन्हा उघडले. तशा दिवसांत पायथागोरस बाजूला ठेवावाच लागतो. एरवीच्या दिवसांसाठी मात्र टक्केवारीऐवजी वेगळे आकडे जाहीर व्हायला हवेत: राखून ठेवलेल्या तासांपैकी किती प्रत्यक्ष वापरले गेले, आणि न वापरलेले तास किती वेळ आधी परत मिळाले.