घर ओसाड, नाव भलत्याचंच: अमेरिकेतल्या लँड बँकांची पार्श्वभूमी

लँड बँक म्हटलं की आपल्याकडे एक तर भूविकास बँकेचं थकलेलं कर्ज आठवतं, नाहीतर उद्योगांसाठी राखून ठेवलेली जमीन. अमेरिकेतली लँड बँक या दोन्हींपेक्षा वेगळी. तिथे ठेवी नाहीत आणि कर्जही मिळत नाही. मालक घरपट्टी थकवून निघून गेला, गिऱ्हाईक फिरकेना, अशी घरं आणि प्लॉट ताब्यात घ्यायचे, त्यांची कागदपत्रं निर्वेध करायची आणि ते पुन्हा कोणाच्या तरी उपयोगी लावायचे, हे या सरकारी संस्थेचं काम.

पहिली लँड बँक १९७१ मध्ये सेंट लुइस शहरात निघाली. गोरा मध्यमवर्ग उपनगरांत गेला होता, कारखाने उठत होते, मागे बंद घरांच्या गल्ल्या उरत होत्या. १९७६ मध्ये क्लीव्हलंडने तेच केलं, पुढे लुइव्हिल आणि अटलांटाही आले. पण या पहिल्या फळीच्या हाती फारसं काही नव्हतं. लिलावात ज्याला कोणी हात लावला नाही, ते त्यांच्या गळ्यात पडायचं. निवडीचा हक्क नाही, खर्चाला पैसा नाही. गोदामं झाली, दुसरं काय!

चित्र बदललं ते मिशिगनमधल्या फ्लिंटमुळे. १९०८ मध्ये जनरल मोटर्सचा जन्म याच गावात झाला. १९६० मध्ये लोकसंख्या जवळजवळ १ लाख ९७ हजार होती, २०१० मध्ये ती १ लाख २ हजारांवर आली. माणसं गेली, घरं जागच्या जागी राहिली.

त्यात कायद्याने भर घातली. जुन्या पद्धतीत घरपट्टीची थकबाकी खासगी गुंतवणूकदारांना विकली जायची. त्यांना घरात रस नसायचा, व्याजात असायचा. मालकाने पैसे भरले तर व्याज सुटायचं, नाही भरले तर कज्जा लोंबकळत राहायचा, कधी कधी सात वर्षं. एवढ्या काळात मिशिगनच्या थंडीत रिकाम्या घराचं काय होतं? नळात राहिलेलं पाणी गोठतं, पाइप फुटतो, बर्फ वितळला की भिंती आतून भिजतात. तोवर कोणीतरी तांब्याचे पाइप उपटून नेलेले असतात. कागद हाती येईपर्यंत घर पाडण्याच्याच लायकीचं उरतं.

१९९९ च्या कायद्याने ही थकबाकीची विक्री बंद केली. आता साधारण तीन वर्षांत न्यायालयाच्या हुकमाने घर थेट कौंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाच्या, नावावर होऊ लागलं आणि जुने बहुतेक बोजे पुसले जाऊ लागले. माझ्या मते लँड बँकेचा खरा इतिहास इथून सुरू होतो. बुलडोझर आणि बागा नंतरच्या, आधी नाव साफ व्हावं लागतं. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घातलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

फ्लिंट ज्या जेनेसी कौंटीत येतं, तिथले खजिनदार होते डॅन किल्डी, जे पुढे अमेरिकी काँग्रेसमध्ये गेले. ताब्यात आलेली घरं नुसती लिलावात काढली तर सट्टेबाज ती घाऊक उचलतील आणि पुन्हा कुलूप लावतील, हे त्यांनी ओळखलं. २००२ मध्ये सुरुवात झाली आणि २००४ मध्ये नव्या कायद्याखाली जेनेसी कौंटी लँड बँक उभी राहिली. पैशाची सोयही हुशारीची होती: बऱ्या घरांच्या विक्रीतून पडक्या घरांचा खर्च भागवायचा, शिवाय विकलेल्या मालमत्तेच्या घरपट्टीतला निम्मा वाटा पाच वर्षं लँड बँकेला. शेजारचा मोकळा प्लॉट शेजाऱ्यालाच स्वस्तात देणं सुरू झालं. वस्तीतल्या मंडळांना थोडं मानधन देऊन गवत कापायला, फुलझाडं लावायला लावलं. १९७३ पासून बंद पडलेलं ड्युरंट हॉटेल २०१० मध्ये राहती घरं म्हणून उघडलं.

२००८ च्या गृहकर्ज संकटानंतर सगळ्यांनाच फ्लिंट आठवलं. क्लीव्हलंडच्या कायाहोगा कौंटीने २००९ मध्ये नव्या कायद्यावर नवी लँड बँक काढली. डेट्रॉइटची तर एका टप्प्यावर जवळजवळ एक लाख मालमत्तांची मालक झाली! शेजारचा प्लॉट १०० डॉलरला, ही तिची योजना लोकप्रिय ठरली. पण मालक सरकारी झाला म्हणून गवत आपोआप कापलं जात नाही. लाखभर घरं-प्लॉट सांभाळणं कोणत्याही कार्यालयाच्या आवाक्याबाहेरचं होतं. केंद्राचा निधी हाती आला तो प्रामुख्याने पाडकामासाठी, आणि पाडणं दुरुस्तीपेक्षा केव्हाही सोपं.

दुसरी बाजू मिशिगनमध्येच न्यायालयात उघडी पडली. ओकलंड कौंटीत एका मालकाची घरपट्टी फक्त ८.४१ डॉलरने कमी पडली होती. व्याज-दंड धरून देणं २८५.८१ डॉलर झालं, घर गेलं २४,५०० डॉलरला आणि वरचा सगळा पैसा कौंटीने ठेवला. २०२० मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवलं, २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिनेसोटातल्या तशाच खटल्यात एकमताने तोच कौल दिला. ज्या चार पैशांवर पडक्या घरांचा खर्च भागत होता, त्यांतला बराच भाग मुळात जुन्या मालकाचा होता. आता तो परत द्यायचा, तर गवत कापायचे पैसे कुठून आणायचे, यावर कौंट्यांची गणितं नव्याने मांडणं चालू आहे.